विद्युत् क्षेत्रतीव्रता : एकके व त्यांचे रूपांतर

विद्युत् क्षेत्रातील एखाद्या बिंदूपाशी ठेवलेल्या एकक धन विद्युत् भारावर जी प्रेरणा कार्य करते, तिला त्या बिंदूपाशी असलेली विद्युत् क्षेत्रतीव्रता म्हणतात. ही सदिश राशी आहे म्हणजे तिला मूल्याबरोबर दिशाही असते आणि धन भारावरील प्रेरणेची दिशा तीच क्षेत्राची दिशा मानतात. वातावरणविज्ञान, वीजप्रेषण, निरोधक द्रव्यांची परीक्षा, रेडिओ अभियांत्रिकी इ. शाखांत ही राशी नेहमी मोजावी लागते. तथापि प्रत्येक शाखेने आपल्या सोयीचे एकक रूढ केलेले असल्यामुळे एकाच राशीसाठी व्होल्ट प्रती मीटर, किलोव्होल्ट प्रती सेंटिमीटर, व्होल्ट प्रती मिल, स्टॅटव्होल्ट प्रती सेंटिमीटर, डेसिबेल-मायक्रोव्होल्ट प्रती मीटर अशी निरनिराळी एकके ग्रंथांत व यंत्रांच्या माहितीपत्रकांत आढळतात. ही एकके परस्परांत बदलण्याची रीत, त्यामागील तत्त्व आणि त्यात होणाऱ्या नेहमीच्या चुका यांचे विवरण प्रस्तुत नोंदीत केले आहे. उदाहरणे मुख्यत्वे भंडारा जिल्हा व त्याचा परिसर येथील आहेत. उघड्या भातशेतीवर कोसळणारी वीज, शेतांवरून जाणाऱ्या उच्च दाबाच्या वाहिन्या, गावोगावची रोहित्रे व मोबाइल मनोरे या सर्वांच्या बाबतीत धोका किती व भीती किती हे शेवटी एका आकड्यावर व त्यापुढे लिहिलेल्या एककावर अवलंबून असते.

व्याख्या व मूळ एकके : विद्युत् भार भ वर प्र एवढी प्रेरणा कार्य करीत असल्यास क्षेत्रतीव्रता क्षे = प्र ÷ भ अशी मिळते. आंतरराष्ट्रीय (एसआय) पद्धतीत प्रेरणा न्यूटनमध्ये व भार कुलंबमध्ये मोजतात, म्हणून क्षेत्रतीव्रतेचे एकक न्यूटन प्रती कुलंब हे होते. दुसऱ्या बाजूने पाहता, एकविध क्षेत्रात क्षेत्राच्या दिशेने एकमेकांपासून अं अंतरावर असलेल्या दोन बिंदूंमधील वर्चोभेद व असल्यास क्षे = व ÷ अं असतो. यावरून व्होल्ट प्रती मीटर हे एकक मिळते. एक व्होल्ट म्हणजे एक जूल प्रती कुलंब आणि एक जूल म्हणजे एक न्यूटन-मीटर होय. म्हणून

१ व्होल्ट/मीटर = १ न्यूटन-मीटर/(कुलंब-मीटर) = १ न्यूटन/कुलंब

हे समीकरण मिळते. ही दोन्ही एकके तंतोतंत एकच आहेत आणि त्यांच्या रूपांतरासाठी कोणताही गुणक लागत नाही. प्रेरणेचा विचार करताना पहिले रूप व वर्चोभेदाचा विचार करताना दुसरे रूप सोयीचे पडते, एवढाच फरक आहे. आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या मूळ एककांत हेच एकक किलोग्रॅम × मीटर ÷ (सेकंदाचा घन × अँपियर) असे लिहिता येते.

आंतरराष्ट्रीय पद्धतीला हे नाव १९६० साली अकराव्या सर्वसाधारण वजन-माप परिषदेत मिळाले. भारतात मेट्रिक पद्धती १९५६ च्या अधिनियमाने स्वीकारण्यात आली आणि पुढे १९७६ व २००९ या वर्षी या विषयावर नवे अधिनियम झाले. असे असले, तरी जुनी यंत्रे, जुने ग्रंथ आणि परदेशी माहितीपत्रके यांमुळे इतर एककांशी परिचय असणे आवश्यक ठरते.

दशमान रूपांतरे : व्होल्ट प्रती मीटर हे एकक व्यवहारात अनेकदा फार लहान पडते, म्हणून किलो (हजार) व मेगा (दहा लाख) हे उपसर्ग वर्चोभेदाला आणि सेंटी व मिली हे उपसर्ग लांबीला लावले जातात. भागाकारात छेदातील एकक लहान झाले की एकूण एकक मोठे होते, ही गोष्ट येथे विशेष लक्षात ठेवावी लागते. एका सेंटिमीटरवर एक व्होल्ट असेल, तर त्याच चढाने एका मीटरवर शंभर व्होल्ट होतील. त्यामुळे पुढील समीकरणे मिळतात :

१ व्होल्ट/सेंमी. = १०० व्होल्ट/मी.
१ व्होल्ट/मिमी. = १,००० व्होल्ट/मी. = १ किलोव्होल्ट/मी.
१ किलोव्होल्ट/सेंमी. = १,००,००० व्होल्ट/मी. = १०० किलोव्होल्ट/मी.
१ किलोव्होल्ट/मिमी. = १०,००,००० व्होल्ट/मी. = १ मेगाव्होल्ट/मी.
१ किलोव्होल्ट/मिमी. = १० किलोव्होल्ट/सेंमी.

समुद्रसपाटीजवळील कोरड्या हवेचे निरोधन सुमारे ३० किलोव्होल्ट/सेंमी. इतक्या क्षेत्रात ढासळते व ठिणगी पडते. हेच मूल्य ३ किलोव्होल्ट/मिमी., ३,००० किलोव्होल्ट/मी. किंवा ३ मेगाव्होल्ट/मी. असे लिहिता येते. पुढील विवेचनात तुलनेसाठी हे मूल्य वारंवार उपयोगी पडेल.

इंच व मिल यांवर आधारित एकके : ब्रिटिश व अमेरिकन परंपरेतील ग्रंथांत निरोधक द्रव्यांची विद्युत् सहनक्षमता व्होल्ट प्रती मिल या एककात देतात. मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग होय, मिलिमीटर नव्हे. एक इंच २५.४ मिमी. असल्यामुळे एक मिल ०.०२५४ मिमी. भरतो. म्हणून

१ व्होल्ट/इंच = ३९.३७ व्होल्ट/मी.
१ किलोव्होल्ट/इंच = ३९.३७ किलोव्होल्ट/मी. = ०.३९३७ किलोव्होल्ट/सेंमी.
१ व्होल्ट/मिल = ३९,३७० व्होल्ट/मी. = ०.०३९३७ किलोव्होल्ट/मिमी.

यांनुसार हवेची वर दिलेली सहनक्षमता सुमारे ७६ व्होल्ट/मिल इतकी येते. मिल हा शब्द मिलिमीटरचे संक्षिप्त रूप समजून वाचल्यास उत्तर जवळजवळ चाळीस पटींनी चुकते आणि चांगले निरोधक द्रव्य निरुपयोगी ठरविले जाते.

सेंमी.-ग्रॅम-सेकंद पद्धती : एकोणिसाव्या शतकात विद्युत् शास्त्राची मापने लांबी, वस्तुमान व काल या तीन राशींवर आधारण्याचा प्रयत्न झाला. या प्रयत्नाचे मूळ कार्ल फ्रीड्रिख गौस व व्हिल्हेल्म व्हेबर यांच्या कार्यात आहे. १८८१ साली पॅरिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत् परिषदेने व्होल्ट, ओहम इ. व्यावहारिक एककांना मान्यता दिली. तथापि सैद्धांतिक भौतिकीच्या ग्रंथांत सेंमी.-ग्रॅम-सेकंद पद्धती पुढेही दीर्घ काळ वापरली गेली. या पद्धतीचे दोन प्रकार आहेत.

स्थिरविद्युत् प्रकारात एक सेंटिमीटर अंतरावर ठेवलेल्या दोन समान भारांमध्ये निर्वातात एक डाइन प्रेरणा असल्यास त्या प्रत्येक भारास एकक भार (स्टॅटकुलंब) म्हणतात. क्षेत्रतीव्रतेचे एकक त्यामुळे डाइन प्रती स्टॅटकुलंब किंवा स्टॅटव्होल्ट प्रती सेंटिमीटर असे होते. एक न्यूटन म्हणजे एक लाख डाइन आणि एक कुलंब म्हणजे सुमारे २,९९,७९,२४,५८० (सु. तीनशे कोटी) स्टॅटकुलंब होत. यावरून

१ स्टॅटव्होल्ट = २९९.७९२ व्होल्ट
१ स्टॅटव्होल्ट/सेंमी. = २९,९७९ व्होल्ट/मी. (सुमारे ३० किलोव्होल्ट/मी.)

असे मिळते. येथे दिसणारे अंक प्रकाशवेगाच्या मूल्याचेच आहेत (प्रकाशाचा निर्वातातील वेग २९,९७,९२,४५८ मी. प्रती सेकंद) आणि हा योगायोग नाही. विद्युत् भाराच्या स्थिरविद्युत् व विद्युत् चुंबकीय एककांचे गुणोत्तर प्रकाशवेगाइतके असते आणि जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी प्रकाश हा विद्युत् चुंबकीय तरंग आहे, असे प्रतिपादन करताना याच गुणोत्तराचा आधार घेतला होता. हिशेबात २९९.७९२ ऐवजी ३०० घेतल्यास चूक एका टक्क्याच्या दहाव्या भागापेक्षाही कमी होते. म्हणून साध्या गणितांत ३०० हाच गुणक वापरतात. हवेची सहनक्षमता या एककात जवळजवळ १०० स्टॅटव्होल्ट/सेंमी. भरते.

विद्युत् चुंबकीय प्रकारातील एकक ॲबव्होल्ट प्रती सेंटिमीटर हे आहे. एक ॲबव्होल्ट म्हणजे एका व्होल्टचा दहा कोटीवा भाग असल्यामुळे १ ॲबव्होल्ट/सेंमी. म्हणजे बरोबर १ मायक्रोव्होल्ट/मी. होय.

तत्त्वदृष्ट्या येथे एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. स्थिरविद्युत् पद्धतीत विद्युत् भाराची मिती लांबी, वस्तुमान व काल यांतच व्यक्त होते, तर आंतरराष्ट्रीय पद्धतीत विद्युत् प्रवाह ही स्वतंत्र मूळ राशी आहे. त्यामुळे इंचाचे सेंटिमीटर करताना जशी खरी समता असते, तशी समता येथे नसून दोन पद्धतींतील मूल्यांची अनुरूपता असते. २० मे २०१९ पासून मूल विद्युत् भाराचे मूल्य व्याख्येनेच निश्चित केले गेल्यामुळे निर्वाताची विद्युत् पार्यता आता प्रयोगाने मोजावयाची राशी झाली आहे. परिणामी वरील गुणक तत्त्वतः अचूक राहिलेला नाही, तथापि हा फरक इतका सूक्ष्म आहे की, व्यवहारात त्याची दखल घ्यावी लागत नाही.

वर्ग माध्य मूळ मूल्य व शिखर मूल्य : प्रत्यावर्ती प्रवाहाच्या वाहिनीखालील क्षेत्र सेकंदाला पन्नास आवर्तनांनी बदलत असते. असे क्षेत्र सामान्यतः त्याच्या वर्ग माध्य मूळ मूल्याने सांगतात. तरंग ज्यावक्रीय असल्यास शिखर मूल्य हे वर्ग माध्य मूळ मूल्याच्या १.४१४ पट असते. निरोधन ढासळणे हे शिखर मूल्यावर अवलंबून असते, तर शरीरातून वाहणाऱ्या प्रवाहाच्या मर्यादा बहुधा वर्ग माध्य मूळ मूल्यात दिलेल्या असतात. एकके तीच असूनही या दोहोंची गल्लत केल्यास सु. चाळीस टक्के चूक होते. ही चूक एकक-कोष्टकात पाहून सापडत नाही.

वातावरणीय क्षेत्र व वीज : निरभ्र हवेत जमिनीजवळ सुमारे १०० व्होल्ट/मी. इतके विद्युत् क्षेत्र कायम असते आणि त्याची दिशा खालच्या बाजूस असते. हेच १ व्होल्ट/सेंमी. किंवा ०.१ किलोव्होल्ट/मी. होय. उभ्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर यामुळे दीडशेहून अधिक व्होल्ट वर्चोभेद यावयास हवा. तथापि मानवी शरीर हवेच्या तुलनेने उत्तम संवाहक असल्याने ते सर्वत्र जमिनीच्याच वर्चसाला राहते, समवर्चसी पृष्ठे डोक्यावरून वळसा घेतात आणि माणसाला काहीही जाणवत नाही.

गर्जणाऱ्या मेघाखाली हे चित्र पालटते. जमिनीजवळचे क्षेत्र बहुधा उलट दिशेचे होऊन ५ ते २० किलोव्होल्ट/मी. पर्यंत चढते. १० किलोव्होल्ट/मी. हे मूल्य घेतल्यास ते ०.१ किलोव्होल्ट/सेंमी. म्हणजे हवेच्या सहनक्षमतेच्या तीनशेव्या भागाएवढे आहे. हाच आकडा चुकून १० किलोव्होल्ट/सेंमी. असा वाचल्यास तो सहनक्षमतेच्या एकतृतीयांश होतो व हवा आता फुटणार असा निष्कर्ष निघतो. वस्तुतः विजेचा आरंभ जमिनीजवळ नव्हे, तर मेघात होतो आणि तेथून पायरीपायरीने खाली येणारी भारित शलाका जमिनीच्या जवळ आली की उंच व टोकदार वस्तूंपाशी क्षेत्र झपाट्याने वाढते. सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यापाशी क्षेत्र मूळ मूल्याच्या सुमारे १५ ते २० पट होते. १० किलोव्होल्ट/मी. च्या क्षेत्रात ते १५० ते २०० किलोव्होल्ट/मी. म्हणजे १.५ ते २ किलोव्होल्ट/सेंमी. भरते. हे मूल्य ठिणगीस पुरेसे नसले, तरी शलाका जवळ येताच सर्वप्रथम अशाच उंचवट्यापासून वरच्या दिशेने प्रतिशलाका निघते.

भंडारा जिल्ह्यात या गोष्टीचे महत्त्व फार आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा जिल्हा भाताचा व तलावांचा म्हणून ओळखला जातो. पावसाळ्याच्या आरंभी रोवणीसाठी स्त्री-पुरुष दिवसभर पाण्याने भरलेल्या बांध्यांत काम करीत असतात. आसपास कित्येकदा त्यांच्याहून उंच असे धुऱ्यावरील एखादे झाडच असते, आणि पाऊस आला की आसऱ्यासाठी माणसे त्याच झाडाकडे धावतात. झाडावर वीज पडल्यास बुंध्यापासून शेजारील माणसाकडे ठिणगी जाऊ शकते. झाडापासून दूर असलेल्यांनाही जमिनीतून धोका असतो, त्याचा हिशेब पुढे दिला आहे. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने विजेची पूर्वसूचना देणारे ‘दामिनी’ हे मोबाइल उपयोजन विकसित केले आहे. सूचना मिळताच शेत सोडून पक्क्या इमारतीत किंवा बंद वाहनात जाणे हाच खरा उपाय होय.

जमिनीतील क्षेत्र व पावलांमधील वर्चोभेद : वीज जमिनीत शिरल्यावर प्रवाह सर्व बाजूंस अर्धगोलाकार पसरतो. प्रवाह प्र अँपियर, जमिनीची रोधकता रो ओहम-मीटर व आघातबिंदूपासूनचे अंतर त्रि मीटर असल्यास जमिनीच्या पृष्ठावरील क्षेत्र

क्षे = (रो × प्र) ÷ (२ × पाय × त्रि × त्रि)

या सूत्राने मिळते. प्रवाह ३०,००० अँपियर व रोधकता १०० ओहम-मीटर धरल्यास १० मी. अंतरावर क्षेत्र सु. ४,८०० व्होल्ट/मी. येते. हेच ४.८ किलोव्होल्ट/मी. किंवा ४८ व्होल्ट/सेंमी. होय. ४८ हा आकडा पाहून हे क्षेत्र क्षुल्लक वाटते, परंतु पावलांमधील अंतर सेंटिमीटरांत मोजून गुणाकार केला म्हणजे त्याचे स्वरूप ध्यानात येते. ६० सेंमी. अंतरावर पाय ठेवून उभ्या असलेल्या माणसाच्या दोन पावलांमध्ये, अंतरानुसार क्षेत्र कमी होते हे जमेस धरून, सु. २,७०० व्होल्ट वर्चोभेद येतो. दोन्ही पाय जुळवून, पावलांमधील अंतर १० सेंमी. एवढेच ठेवल्यास तो सु. ४७० व्होल्टांवर येतो. बैलाच्या पुढच्या व मागच्या पायांमध्ये दीड मीटर अंतर धरल्यास मात्र तो ६,२०० व्होल्टांपर्यंत जातो आणि प्रवाह हृदयाजवळून वाहतो. एकाच आघातात माणसे वाचून गुरे दगावल्याच्या घटनांचे कारण यात आहे. उघड्यावर अडकून पडल्यास पाय जुळवून उकिडवे बसावे व जमिनीवर आडवे पडू नये, हा नियमही याच हिशेबातून निघतो.

प्रेषण वाहिन्या : भंडारा जिल्ह्यातून १ मे १९९९ रोजी वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात तिरोडा येथे ३,३०० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र आहे. तेथील वीज पश्चिमेकडे कोराडी व अकोला यांच्या दिशेने ७६५ किलोव्होल्ट दाबाने नेली जाते. तिरोडा व कोराडी यांच्या दरम्यान भंडारा जिल्हा येतो. अशा वाहिन्यांखाली शेती चालू असते, म्हणून जमिनीवरील क्षेत्राचा प्रश्न उपस्थित होतो.

७६५ किलोव्होल्ट हा दोन तारांमधील दाब होय. तार व जमीन यांमधील दाब त्यास १.७३२ ने भागून सु. ४४२ किलोव्होल्ट येतो. तारेची जमिनीपासून उंची १८ मी. धरून सरळ भागाकार केल्यास २४.५ किलोव्होल्ट/मी. हे उत्तर मिळते. हे उत्तर चूक आहे. एककांचे रूपांतर बिनचूक असूनही येथे सूत्रच गैरलागू आहे, कारण क्षे = व ÷ अं हा संबंध एकविध क्षेत्रापुरता आहे. वाहिनीचे क्षेत्र तारेजवळ एकवटलेले व जमिनीजवळ विरळ असते. शिवाय तीन कलांच्या तारांची क्षेत्रे एकमेकांना अंशतः नाहीशी करतात. प्रत्यक्षात तारांच्या पृष्ठाशी १५ ते २० किलोव्होल्ट/सेंमी. व जमिनीपासून एक मीटर उंचीवर जास्तीत जास्त १० किलोव्होल्ट/मी. च्या आसपास क्षेत्र राहील, अशा रीतीने अशा वाहिनीचा आराखडा करतात. पहिला आकडा किलोव्होल्ट/मी. मध्ये १,५०० ते २,००० होतो म्हणजे एकाच वाहिनीची दोन ठिकाणची क्षेत्रे शेकडो पटींनी भिन्न असतात. पावसात तारांवर लोंबणाऱ्या थेंबांच्या टोकांशी क्षेत्र स्थानिक रीत्या ३० किलोव्होल्ट/सेंमी. च्या पुढे जाते, करोना विसर्जन होते आणि वाहिनीचा परिचित गुणगुणाट ऐकू येतो.

आयोनीकारक नसलेल्या प्रारणापासून संरक्षणासाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाने ५० हर्ट्झ कंप्रतेसाठी सर्वसामान्य जनतेकरिता ५ किलोव्होल्ट/मी. व कामगारांकरिता १० किलोव्होल्ट/मी. हे संदर्भस्तर दिले आहेत. १.७ मी. उंचीच्या, जमिनीशी जोडलेल्या माणसातून दर किलोव्होल्ट/मी. मागे सु. १३ मायक्रोअँपियर प्रवाह वाहतो. म्हणजे ५ किलोव्होल्ट/मी. क्षेत्रात तो सु. ६५ मायक्रोअँपियर होतो. हा प्रवाह जाणवण्याच्या मर्यादेहून पुष्कळ कमी आहे. रबरी चाकांचा ट्रॅक्टर, लांब तारेचे कुंपण किंवा पत्र्याचे छप्पर यांवर मात्र अधिक भार साचतो व स्पर्श करताच झटका बसतो. म्हणून अशा वस्तू जमिनीशी जोडणे इष्ट असते. वाहिनीखालचा मुख्य धोका क्षेत्राचा नसून लांब धातूचा नळ किंवा ओला बांबू उभा करून तारेजवळ नेण्याचा असतो.

रोहित्रातील तेल : रोहित्राच्या तेलाची परीक्षा करताना २.५ मिमी. अंतरावरील दोन विद्युत् अग्रांमध्ये तेल ठेवून दाब वाढवीत नेतात व ठिणगी पडण्याचा दाब नोंदवितात. एखाद्या नमुन्यात ३० किलोव्होल्टला ठिणगी पडल्यास सरासरी क्षेत्र ३० ÷ २.५ = १२ किलोव्होल्ट/मिमी. येते. हे १२० किलोव्होल्ट/सेंमी., १२ मेगाव्होल्ट/मी. किंवा सु. ३०५ व्होल्ट/मिल यांच्या बरोबर आहे. वर्ग माध्य मूळ मूल्यावरून शिखर मूल्य काढल्यास ते सु. १७ किलोव्होल्ट/मिमी. भरते. या परीक्षेचा निकाल नुसत्या किलोव्होल्टमध्ये सांगण्याची प्रथा आहे. अग्रांमधील अंतर न सांगता दिलेल्या अशा आकड्यावरून क्षेत्रतीव्रता काढता येत नाही आणि ४ मिमी. अंतरावर मिळालेला ३० किलोव्होल्टचा निकाल हा २.५ मिमी. वरील ३० किलोव्होल्टइतका समाधानकारक नसतो. तेलात शिरलेला दमटपणा व तंतू यांमुळे सहनक्षमता वेगाने घटते. दीर्घ पावसाळ्याच्या प्रदेशात सिलिका जेलने भरलेल्या श्वसनपात्राकडे म्हणूनच लक्ष पुरवावे लागते.

रेडिओ तरंगांची क्षेत्रतीव्रता : रेडिओ अभियांत्रिकीत क्षेत्रे फार दुर्बल असतात व त्यांचा पल्ला फार मोठा असतो, म्हणून लॉगरिदमी एकक वापरतात. १ मायक्रोव्होल्ट/मी. हे शून्य धरून क्षेत्राच्या मायक्रोव्होल्ट/मी. मधील मूल्याच्या दशमान लॉगरिदमाला २० ने गुणले असता डेसिबेलमधील मूल्य मिळते. त्यानुसार १ मिलिव्होल्ट/मी. म्हणजे ६० व १ व्होल्ट/मी. म्हणजे १२० डेसिबेल होत. क्षेत्र दुप्पट झाल्यास सु. ६ व दसपट झाल्यास २० डेसिबेल वाढतात.

नागपूर येथील आकाशवाणीच्या १,००० किलोवॉट शक्तीच्या मध्यम तरंग प्रेषकावरून १८ मे १९८८ पासून राष्ट्रीय वाहिनीचे प्रसारण सुरू झाले. पूर्ण संवाहक जमिनीवरील आखूड उभ्या आकाशकापासून १ किलोवॉट शक्तीला १ किमी. अंतरावर सु. ३०० मिलिव्होल्ट/मी. क्षेत्र मिळते. ते शक्तीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते व अंतराच्या प्रमाणात घटते. भंडारा नागपूरपासून सरळ रेषेत सु. ६० किमी. धरल्यास आदर्श क्षेत्र ३०० × ३१.६ ÷ ६० = १५८ मिलिव्होल्ट/मी. म्हणजे १०४ डेसिबेल येते. खरी जमीन तरंगातील ऊर्जा शोषून घेते, त्यामुळे प्रत्यक्ष क्षेत्र याहून कमी असते. जमिनीमुळे ते दहाव्या भागावर आले असे मानल्यास उत्तर १५.८ मिलिव्होल्ट/मी. किंवा ८४ डेसिबेल होईल.

प्रेषकापासून पुरेशा दूर विद्युत् क्षेत्र व शक्तिघनता यांचा संबंध निश्चित असतो : शक्तिघनता (वॉट/चौ. मी.) = क्षेत्राचा वर्ग ÷ ३७७. यातील ३७७ ओहम हा निर्वाताचा संरोध होय. मोबाइल मनोऱ्यांसाठी भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून लागू करण्यात आलेली मर्यादा ९०० मेगाहर्ट्झ कंप्रतेला ०.४५ वॉट/चौ. मी. इतकी होती. तिच्याशी अनुरूप क्षेत्र ०.४५ × ३७७ याचे वर्गमूळ म्हणजे सु. १३ व्होल्ट/मी. (१४२ डेसिबेल) येते. हीच मर्यादा ४५० मिलिवॉट/चौ. मी. किंवा ४५ मायक्रोवॉट/चौ. सेंमी. अशीही लिहितात. ०.४५, ४५ व ४५० हे तिन्ही आकडे एकाच मर्यादेचे आहेत. एका कागदावरील ४५० व दुसऱ्यावरील ४५ यांची तुलना करून गावात प्रारण दसपट असल्याचे अनुमान काढणे म्हणजे एकक न वाचण्याचा परिणाम होय. शिवाय क्षेत्र दसपट झाल्यास शक्तिघनता शंभरपट होते. त्यामुळे ‘दसपट’ हा शब्द कोणत्या राशीविषयी आहे, हे सांगणे आवश्यक असते.

रूपांतरातील दक्षता : रूपांतर करताना प्रथम दिलेले मूल्य व्होल्ट प्रती मीटरमध्ये आणावे व तेथून इष्ट एककात न्यावे. यामुळे लक्षात ठेवावयाचे गुणक कमी होतात व चूक सहज सापडते. त्यानंतर उत्तराची तुलना दोन परिचित मूल्यांशी करावी : निरभ्र हवेतील १०० व्होल्ट/मी. आणि हवा फुटण्याचे ३० लाख व्होल्ट/मी. मोकळ्या हवेतील कोणतेही उत्तर दुसऱ्या मूल्याच्या पुढे गेल्यास बहुधा सेंटिमीटर व मीटर यांची अदलाबदल झालेली असते. मूल्य वर्ग माध्य मूळ आहे की शिखर, क्षेत्र एकविध आहे की नाही आणि मोजमाप जमिनीपासून किती उंचीवर केले आहे, या तीन गोष्टी मूल्यासोबत नोंदविल्या जाणे आवश्यक आहे. गुणकांचे कोष्टक त्यांची उणीव भरून काढू शकत नाही. एककासह व या तपशिलासह दिलेला आकडाच वीज, वाहिनी अथवा मनोरा यांच्यापासून किती अंतर राखावे, याचा विश्वसनीय आधार ठरतो.